जस्त : जमिनीतले, दाण्यातले आणि भाकरीतले

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजची बैठक कापसाच्या खरेदीसाठी बोलावलेली. त्यात हा जस्ताचा विषय कुठून आला, असे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटले असेल. तो आम्ही आणलेला नाही, तुमच्यातल्याच एकाने आणला. मागे एका गावात रात्रीची बैठक संपली, सतरंज्या गुंडाळायचे काम चालू होते. एक तरुण शेतकरी हातात दोन वस्तू घेऊन आला. एक पुडा लहान पोरांच्या दुधात घालायच्या पावडरीचा. त्याचे पोर अंग धरीत नाही, म्हणून तालुक्याच्या गावाहून आणलेला. त्यावर लिहिलेले होते, 'सहज पचणाऱ्या चिलेटेड झिंकने युक्त'. दुसरा डबा कपाशीवर फवारायच्या औषधाचा. त्यावरही तेच, 'चिलेटेड झिंक'. त्याने विचारले, "भाऊ, हे झिंक आणि ते झिंक एकच का? आणि एकच असेल तर ह्याला एवढे पैसे कशाचे?"

आम्ही हसलो. पण घरी जाताना लक्षात आले, की शेतकीची पदवी घेऊन, वीस वर्षे गावोगाव हिंडून, या प्रश्नाचे सरळ उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. कॉलेजात जमिनीचा विषय एका सरांनी शिकवला आणि अन्नाचा विषय कुणीच नाही. जमिनीतले जस्त वेगळे आणि पोटातले वेगळे, अशीच आमची समजूत. उत्तर शोधायला लागलो तेव्हा दिसले, की शेतापासून ताटापर्यंत ही एकच गोष्ट आहे आणि तिच्यात शेतकऱ्याच्या पैशाचाही प्रश्न आहे. म्हणून आज हा विषय.

आधी एक सावधगिरी. धातू एकच, पण माल एक नाही. खताचे झिंक सल्फेट माणसाने खायचे नाही. त्यात शिसे, कॅडमियम यांची भेसळ राहू शकते. पिकाला चालते ते पोराला चालत नाही. 'झिंक ते झिंकच' म्हणून कुणी चिमूटभर पाण्यात घालून पाजू नका. ही गोष्ट घरी जाऊन आधी सांगा, बाकीचे नंतर.

पोट भरले, अंग भरले नाही

जस्ताच्या कमतरतेने माणूस खुरटतो हे जगाला कळले त्याला फार काळ झालेला नाही. ते शोधून काढले आपल्याच देशात, बिहारमधल्या बक्सरला जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. १९५८ च्या सुमारास ते इराणमध्ये शिराझला काम करीत होते. त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक जवान आला, दिसायला दहा वर्षांचा पोरगा. उंची नाही, मिसरूड नाही, रक्त कमी. तसे आणखीही निघाले. ही माणसे उपाशी नव्हती. पोटभर रोट्या खात होती, पण रोट्याच. मांस नाही, दूध-भाजी जवळजवळ नाही, वर माती खायची सवय. १९६१ साली त्यांनी हे मांडले आणि १९६३ साली इजिप्तमधल्या अशाच रोग्यांत जस्ताची कमतरता दाखवून दिली.

भरपूर धान्य खाऊनही त्या माणसांना जस्त मिळत नव्हते, ही त्यातली आपल्या कामाची गोष्ट. पोट भरणे आणि अंग भरणे या दोन गोष्टी आहेत.

आपल्याकडे काय आहे? २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांची पोषण पाहणी झाली. त्यात एक ते चार वर्षांच्या शंभर मुलांत १९ जणांना आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलामुलींत ३२ जणांना जस्त कमी निघाले. म्हणजे वाढीच्या वयातली तिघांतली एक पोर. जस्त कमी पडले की वाढ खुंटते, भूक मंदावते, जखम लवकर भरत नाही, हगवण पुन्हा पुन्हा लागते. प्रत्येक खुरटलेले पोर जस्तामुळेच खुरटते असे नाही. घाण पाणी, अपुरे दूध, आईचे बाळंतपणातले हाल, सगळे त्यात आहे. पण जस्त हेही एक कारण आहे, आणि ते आपल्या हातातले आहे.

दोन ठिकाणचे कुलूप

आता हिशेब करू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे २ मिलिग्रॅम जस्त असते. राबणारा गडी दिवसाला चारशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खातो असे धरा. झाले ८ मिलिग्रॅम. भारतीय माणसाला रोज किती लागते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१० चा आकडा होता पुरुषाला १२ आणि स्त्रीला १० मिलिग्रॅम. २०२० साली तो पुरुषाला १७ आणि स्त्रीला सुमारे १३ झाला. दहा वर्षांत माणसाची भूक वाढली नाही. आपण धान्यावर जगतो आणि धान्यातले जस्त अंगी फार कमी लागते, हे हिशेबात धरले म्हणून आकडा वाढला.

कमी का लागते? दाणा पुढच्या रोपासाठी स्फुरद साठवून ठेवतो. ज्या रूपात तो साठवतो त्याला फायटेट म्हणतात. हे फायटेट पोटात गेले की जस्ताला मिठी मारते आणि दोघेही तसेच बाहेर पडतात. फायटेट जास्त असलेल्या जेवणात शंभरातले पंधरा-वीस भागच जस्त रक्तात जाते, कधी त्याहूनही कमी.

आता हेच चित्र शेतात पाहा. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू आठाच्या वर. जमिनीत जस्त असते, पण चुना ते धरून ठेवतो. मुळाला मिळत नाही. ज्वारीच्या कोवळ्या पानावर पांढरट पट्टे येतात, कपाशीची पाने लहान राहतात, शिरांमधली जागा पिवळी पडते, कांड्या आखूड होतात. त्यात आपण स्फुरदाचे खत भरमसाट टाकले की जस्त आणखी अडते, आणि दाण्यात फायटेट मात्र वाढते. म्हणजे जमिनीत एक कुलूप, पोटात दुसरे, आणि दोन्ही ठिकाणी स्फुरदाचा हात.

देशभरातल्या माती तपासणीत शंभरातल्या सुमारे ३६ नमुन्यांत जस्त कमी निघाले आहे. ज्या जमिनीत नाही ते दाण्यात येणार कुठून, आणि दाण्यात नाही ते पोराच्या अंगात जाणार कुठून?

पुड्यातले झिंक

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. 'चिलेट' म्हणजे जस्ताला दुसऱ्या एका पदार्थाने खेकड्याच्या नांगीसारखे धरून ठेवणे. तसे धरले की चुना किंवा फायटेट त्याला सहजासहजी गाठू शकत नाही. कपाशीच्या डब्यात ही नांगी बहुधा ईडीटीए नावाच्या रसायनाची असते. खाण्याच्या पावडरीत ती ग्लायसिन नावाच्या, प्रथिनातल्याच एका घटकाची असू शकते. कल्पना एकच. थापा नाहीत, त्यात शास्त्र आहे.

पण सगळा फरक नांगीचाच नाही. अन्नात मिसळायला झिंक ऑक्साइड सर्वांत स्वस्त. ते पाण्यात विरघळत नाही, पोटातल्या आम्लात विरघळते. झिंक सल्फेट पाण्यात विरघळते. ग्लुकोनेट आणि सायट्रेटही चांगले. रिकाम्या पोटी नुसते दिले तर २०१४ च्या एका प्रयोगात सायट्रेट आणि ग्लुकोनेट शंभरातले सुमारे ६१ भाग अंगी लागले, ऑक्साइड ५०. हा फरक खरा आहे. पण पिठात मिसळून, रोटी करून दिले तेव्हा ऑक्साइड आणि सल्फेट जवळपास सारखेच निघाले. कारण तिथे खरा अडथळा पिठातले फायटेट. श्रीलंकेत तांदळाच्या पिठात जस्ताबरोबर थोडे ईडीटीए घालून मुलांना दिले, तेव्हा जास्त जस्त अंगी लागले. म्हणजे कुलूप सैल करण्याला महत्त्व आहे.

आमचे उत्तर असे. पुड्यावरचा शब्द खोटा नाही, पण एका शब्दासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजायची गरज नाही. पुडा घ्यायचाच असेल तर मागची बारीक अक्षरे वाचा : एका वेळच्या मापात किती मिलिग्रॅम जस्त आहे आणि साखर किती आहे. जस्त एक चिमूट आणि साखर मूठभर, असा माल बाजारात कमी नाही. आणि जास्त म्हणजे चांगले असेही नाही. जस्ताचा अतिरेक झाला तर ओकाऱ्या होतात, अंगातले तांबे कमी होते.

कारखान्याचे १२ आणि आपले १२

सरकारी नियम २०१८ साली झाले. त्याप्रमाणे कारखान्यातल्या कणकेत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून वर 'प्लस एफ'ची खूण छापता येते. जस्त मिसळणे ऐच्छिक, आणि मिसळले तर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. २०२१ च्या १५ ऑगस्टला रेशनच्या तांदळाची घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत तो देशभर पोचवला गेला. त्यातही सक्तीचे तीनच घटक होते. जस्त नव्हते.

आम्ही या योजनांच्या विरुद्ध नाही. शहरातला मजूर पिशवीतली कणीक घेतो, त्याला तिच्यातून जस्त मिळाले तर चांगलेच. पण शंभर किलो ज्वारी घरी ठेवणारा आणि गावच्या गिरणीवर पायली-पायली दळून आणणारा शेतकरी या योजनेत कुठे बसतो? कुठेच नाही. टांझानियात खेड्यातल्या मक्याच्या गिरणीला मोजून पूड सोडणारे लहान यंत्र बसवण्याचे काम झाले आहे. म्हणजे गावची गिरणी हा अडथळा नाही, इच्छा नाही हा अडथळा आहे.

आता एक आकडा लिहून घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ज्वारीचा एक वाण तयार केला, 'परभणी शक्ती'. २०१८ साली तो प्रसारित झाला. त्याच्या एका किलो दाण्यात सुमारे ३२ मिलिग्रॅम जस्त, साध्या ज्वारीत सुमारे २०. फरक १२ मिलिग्रॅमचा. कारखाना किलोमागे मिसळतो १० ते १५. म्हणजे कारखाना यंत्र लावून, पूड विकत आणून, जाहिरात करून जे करतो, जवळजवळ तेवढेच काम हे ताट उभ्या-उभ्या शेतात करते. बाजरीत राहुरीच्या विद्यापीठाचा 'धनशक्ती' वाण आहे, त्यात लोह आणि जस्त दोन्ही जास्त. २०१८ पासून बाजरीचे नवे वाण प्रसारित करताना किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असावे, अशी अटच घातली गेली.

पण वाण काही जादू करीत नाही. जमिनीत जस्त नसेल तर शक्तीची शक्ती कागदावरच राहील.

शेतात काय करायचे

इथे आमचीच एक फजिती सांगतो. कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलो होतो. एका शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक घेतले. मजुरी वाचावी म्हणून झिंक सल्फेट डीएपीत कालवून एकाच पाभरीने पेरले. हंगाम संपला, फरक काडीचा नाही. तो शेतकरी म्हणाला, "साहेब, तुमचे झिंक पुस्तकातच उगवते काय?" चूक आमची होती. स्फुरदाच्या खतात कालवले की जस्ताचे न विरघळणारे झिंक फॉस्फेट बनते. विकत घेतलेले जस्त आम्ही पेरायच्या आधीच कुलपात घातले होते.

म्हणून नीट ऐका. आधी माती तपासा. अहवालात जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली असेल तरच टाका. कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, काही दिवस तसेच ठेवून, पेरणीआधी द्या. डीएपीत नाही, सुपर फॉस्फेटात नाही. दर वर्षी लागत नाही. एकदा दिलेले दोन-तीन पिकांना पुरते. यंदा कपाशीला दिलेले पुढच्या साली ज्वारीला मिळते. कपाशी आपण खात नाही, पण तिच्या फेरातली ज्वारी खातो.

गोणी घेताना अक्षरे वाचा. बारीक खड्यांच्या झिंक सल्फेटात २१ टक्के जस्त असते, पावडरीच्या मोनोहायड्रेटात ३३ टक्के, चिलेटेड ईडीटीएत १२ टक्के. चिलेटेड फवारणीला चांगले, पण गोणीने जमिनीत टाकायला परवडणार नाही.

जमिनीतून दिलेल्या जस्ताने पीक सुधारते. दाण्यात जस्त भरायचे असेल तर पोटरीतून कणीस बाहेर पडल्यावर आणि दाणा दुधात असताना फवारणी उपयोगी पडते. दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी. ज्याच्याजवळ फवारणीला पाणी आहे त्याने हे करावे. ज्याच्याजवळ नाही त्याने जमिनीतून दिले तरी पुष्कळ.

हे जमते का? तुर्कस्तानात जमले. तिथला मधला पठारी भाग आपल्यासारखाच कोरडवाहू आणि चुनखडीचा. तिथला गहू खुरटा राहायचा. १९९३ पासून शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांच्या रानात प्रयोग केले. जस्त दिले तिथे उत्पन्नही वाढले आणि दाण्यातले जस्तही. खत कारखान्यांनी खतातच जस्त मिसळून द्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याने ते पोषणासाठी घेतले नाही, गहू जास्त झाला म्हणून घेतले. आमच्या मते हीच वाट खरी. ज्यात शेतकऱ्याचे दोन पैसे आहेत तेच टिकते.

चुलीवर काय करायचे

मायबहिणींनो, पोटातले कुलूप उघडायची किल्ली तुमच्याजवळ आहे आणि ती फुकट आहे. आंबवले की फायटेट तुटते. रात्री ज्वारीचे पीठ ताकात भिजवून सकाळी केलेली आंबील ही काही गरिबाची मजबुरी नाही, ते शास्त्र आहे. मूग-मटकी भिजवून मोड आणले की तेच होते. धिरड्याचे पीठ रात्रभर ठेवून आंबवले की तेच.

ज्वारीला मोड आणताना मात्र सांभाळा. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे तुम्हाला सांगायला नको. तेच विष मोडात आणि कोंबात असते. ज्वारीचे मोड कच्चे खायचे नाहीत. त्यापेक्षा आंबील बरी.

आणि नुसती भाकर-ठेचा एवढ्यावर पोरांचे भागवू नका. तीळ, डाळ, हरभरा यांत ज्वारीहून जास्त जस्त आहे. ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडे, मटण पोरांच्या ताटात आधी वाढावे. त्यातले जस्त सर्वांत सहज अंगी लागते. आपल्याकडे रस्सा पोरांना आणि फोडी पुरुषांना, असे अजून चालते. ते बदला.

एक गोष्ट तातडीची. पोराला हगवण लागली तर मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुडीबरोबर जस्ताच्या गोळ्या द्यायच्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली हे सांगितले. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, चौदा दिवस. हगवण थांबली तरी चौदा दिवस पुऱ्या करायच्या. त्याहून लहान बाळाला किती द्यायची ते नर्सबाईंना विचारूनच. आम्ही एका उपकेंद्रात गोळ्यांची खोकी कपाटात पडलेली पाहिली. कुणी मागितल्या नाहीत, कुणी दिल्या नाहीत. तुम्ही मागा. त्या तुमच्या हक्काच्या आहेत.

पैसे कुणाला?

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी ही संघटना आहे. २०२३ साली भरडधान्यांचे जागतिक वर्ष झाले. ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' म्हणू लागले. नाव मोठे झाले. २०२५-२६ च्या खरिपासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. त्या भावाच्या अटी काय? ओलावा किती, काडीकचरा किती, डागी दाणा किती. दाण्यात काय आहे याचा रकाना नाही.

दूध डेअरीवर घातले की फॅटला पैसे मिळतात. उसाला उताऱ्याप्रमाणे भाव. कापसाला धाग्याच्या लांबीप्रमाणे भाव. मग ज्वारीच्या जस्ताला का नाही? पूड मिसळणाऱ्या कारखान्याला मिसळण्याचे पैसे मिळतात. तेवढेच जस्त दाण्यात भरून देणाऱ्याला एक छदाम नाही. उलट नव्या वाणाचे बियाणे शोधा, झिंकचे पैसे घाला, आणि बाजारात सगळी ज्वारी एकाच ढिगावर. असे असेल तर कोण पेरील?

म्हणून आमची मागणी साधी आहे. अंगणवाडी, आश्रमशाळा आणि शाळेचा आहार यांसाठी जे धान्य घेतले जाते, त्यात जास्त जस्ताची ज्वारी-बाजरी त्याच जिल्ह्यातून घ्या. दाणा तपासा आणि जस्ताप्रमाणे वरचा भाव द्या. उपकार म्हणून नाही, मालाची किंमत म्हणून. ज्या पोराचे अंग भरायचे आहे ते पोर आमचेच, आणि ज्या जमिनीतून ते भरणार तीही आमचीच.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी आणायच्या : पाच शेतांचे माती तपासणीचे अहवाल, त्यात जस्ताचा आकडा असलाच पाहिजे, गावात जास्त जस्ताचे बियाणे किती जणांना हवे त्याची यादी, आणि उपकेंद्रात जस्ताच्या गोळ्या आहेत की नाहीत याचे उत्तर. कागद हातात असले की मागणीला वजन येते.

तो तरुण आज इथे बसला आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला, त्याबद्दल त्याने माफ करावे. आता कापूस खरेदीचा विषय घेऊ.